अनामत

तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हायचे तर एक छापील अर्ज भरावा लागतो. नाव, पत्ता, व्यवसाय, जामीनदाराची सही, तारीख आणि शेवटी एक रकाना असतो : अनामत रक्कम. हा शब्द मराठी माणसाच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आला कुठून, असे कुणी विचारत नाही. ‘अनामत’ म्हणजे आपल्या घरांत रोज बोलली जाणारी ‘अमानत’च. अरबीतून फारसीत, फारसीतून दख्खनच्या दप्तरांत आणि तिथून मराठीच्या ओठांवर येता येता ‘म’ आणि ‘न’ यांनी आपापल्या जागा बदलल्या, इतकेच. त्या अर्जावरचे ‘जामीन’, ‘तारीख’ आणि ‘रक्कम’ हे शब्दही त्याच वाटेने आलेले आहेत.

मात्र या प्रवासात शब्दाचा अर्थ थोडा आकसला. वाचनालयात अनामत म्हणजे पुस्तक हरवले तर कापून घ्यायचे पैसे. आपल्याकडे अमानत म्हणजे दुसऱ्याने भरवशावर आपल्या हाती ठेवलेली चीज. ती जशीच्या तशी परत करणे हा ईमानाचा भाग मानला जातो. अमानती त्यांच्या हकदारांना पोचत्या कराव्यात, असा हुकूम सूरह निसामध्ये आहे. पैगंबरसाहेबांना (स.) नबुवत मिळण्याच्या आधीच मक्केचे लोक ‘अल-अमीन’ म्हणत, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते.

या लेखात आम्हाला जो प्रश्न वाचकांपुढे ठेवायचा आहे, तो या एका रकान्यातून निघतो. वाचनालयातली खरी अमानत कोणती? आपण तिथे ठेवलेले पैसे, की तिथून आपण घरी आणलेले पुस्तक? आणि ते वाचनालय तरी आपले कोण लागते? गावातल्या चार शिकल्या-सवरलेल्या लोकांनी आपल्यावर केलेला तो उपकार आहे, आपला हक्क आहे, की आपल्यावर सोपवलेली जबाबदारी आहे?

उपकाराची बाजू आधी पाहू. महाराष्ट्रातली जुनी वाचनालये सव्वाशे-दीडशे वर्षांहूनही जुनी आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. त्या काळात वाचणारी माणसे थोडी होती. इंग्रज अंमलदार, त्यांच्या हाताखालचे शिकलेले लोक, शहरातले प्रतिष्ठित. कुणी जागा दिली, कुणी ग्रंथ दिले. दारे बंद नव्हती, पण ती उघडून आत जाण्याची हिंमत आणि अक्षरओळख सर्वांकडे नव्हती. त्या वाचनालयांनी मोठे काम केले, यात शंका नाही. पण ते काम वरून खाली झिरपणाऱ्या पाण्यासारखे होते. आमच्या मोहल्ल्यांपर्यंत ते येईतो फार थोडे उरत असे.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी हा विचार उलटा केला. त्यांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यानंतर १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या तज्ज्ञाला बोलावून गावोगावच्या मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. यामागचा विचार शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही चटकन पटेल. मुलाला वाचायला शिकवले आणि पुढे वाचायला काही दिले नाही, तर शिकवलेले वाहून जाते. उन्हाळ्याची सुट्टी संपवून जूनमध्ये वर्गात आलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो. मार्चमध्ये परिच्छेद सरळ वाचणारा मुलगा जूनमध्ये जोडाक्षरापाशी अडखळतो. अडीच महिन्यांत ही गत, तर दहावीनंतर ज्याच्या हाती पुस्तकच येणार नाही त्याचे वीस वर्षांनी काय होत असेल? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले होते की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच शाळा सोडून बसली. त्या मुलांपैकी कित्येक जण आज स्वतः पालक आहेत. त्यांची मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेचे पुस्तक आणि ताकात जपून ठेवलेला कुरआन शरीफ. या दोहोंच्या मधली सगळी जागा रिकामी आहे. ती भरणारी इमारत गावात एकच असते.

आता हक्काची बाजू. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तेव्हापासून मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळते. हे अनुदान वर्षानुवर्षे तुटपुंजे राहिले. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. तमिळनाडूत, म्हणजे तेव्हाच्या मद्रास प्रांतात, १९४८ च्या कायद्याने मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर लावला. आपल्याकडे तसा उपकर नाही. इथले अनुदान सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून येते. त्या तिजोरीत भर कोण घालतो? साबणाची वडी आणि चहाची पुडी विकत घेणारा प्रत्येक जण. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, गॅरेजात हात काळे करणारा, हातगाडीवर केळी विकणारा, हे सगळे वाचनालयाचे वर्गणीदार आहेत. पावती मात्र त्यांच्या नावाने फाडली जात नाही. तेव्हा तिथली खुर्ची, तिथला पंखा आणि तिथले वर्तमानपत्र हा त्यांचा हक्क आहे. तो मागताना कुणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

पण हक्क म्हटल्याने गोष्ट पुरी होत नाही. हक्क असूनही माणूस आत जात नाही, हा आपल्या गावोगावचा अनुभव आहे. म्हणून वाचनालय प्रत्यक्षात काय देते, हे एकदा नीट मांडायला हवे.

सर्वांत आधी ते शांतता देते. ज्यांच्या घरात अभ्यासाची वेगळी खोली आहे त्यांना ही देणगी वाटणार नाही. पण दोन खोल्यांत सात माणसे, एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसऱ्यात टीव्ही आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे भांडण अशा घरातून येणाऱ्या मुलीला विचारा. पोलीस भरतीची, तलाठ्याची, नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करणारी मुले-मुली वाचनालयाच्या अभ्यासिकेत तासन्‌तास बसलेली दिसतात. गरिबाच्या घरात सर्वांत महाग वस्तू म्हणजे शांतता. ती महिन्याच्या मामुली फीमध्ये एका टेबलासह मिळते.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. वाचनालय माणसाला ‘कशासाठी?’ असे विचारत नाही. बाजारात गेलो तर खिसा पाहिला जातो. कचेरीत पुरावा मागतात. दवाखान्यात दुखणे सांगावे लागते. आमच्या शाळेतही, कितीही नाही म्हटले तरी, शेवटी गुणच मोजले जातात. गावात वाचनालय ही अशी जागा आहे की तिथे बारा वर्षांच्या मुलाने विहिरींवरचे पुस्तक मागितले, किंवा म्हाताऱ्या विधवेने विज्ञानकथा मागितल्या, तरी कारण द्यावे लागत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. त्यांतल्या दोन नियमांचा आशय असा की प्रत्येक वाचकासाठी कुठेतरी त्याचे पुस्तक असते आणि प्रत्येक पुस्तकासाठी कुठेतरी त्याचा वाचक. आम्हाला यात माणसाविषयीचा मोठा आदर दिसतो. कपाटात धूळ खात पडलेले पुस्तक रद्दी ठरत नाही, ते कुणाची तरी वाट पाहत असते. आणि वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा ‘ढ’ ठरत नाही, त्याचे पुस्तक त्याला अजून भेटलेले नसते.

आमच्या आठवीतल्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. ती मराठी दुसरी भाषा म्हणून शिकते. वाचनालयात तिला ‘किशोर’चे जुने अंक सापडले. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते. अंक वाचताना मराठीतले जे शब्द उर्दूतही आहेत ते ती एका वहीत उतरवू लागली. कागद, शाई, दौत, हिशोब, इमारत, जमीन, हवा. यादी चार पानांची झाली. मग एके दिवशी तिने तक्रार आणली, “सर, फॉर्म पर ‘अमानत’ ग़लत छपा है.” आम्ही तिला शब्दाची गोष्ट सांगितली. तिने तो शब्दही वहीत लिहिला आणि पुढे कंसात लिहिले : हमारा भी, उनका भी. परीक्षेत या वहीला एकही गुण नाही. पण दोन भाषांच्या मध्ये भिंत नसून दार आहे, हे तिला कळले. ते तिने आपले आपण शोधले, म्हणून ते टिकेल.

तिसरी देणगी शेजाराची. पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के असतात. एकेक तारीख म्हणजे एकेक घर. तेच पुस्तक कधी पेठेतल्या वाड्यात, कधी बौद्धवाड्यात, कधी मोमीनपुऱ्यात जाऊन आलेले असते. गेल्या काही वर्षांत माणसांचे एकमेकांच्या घरी जाणे कमी झाले, घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाऊ लागले, हे आपण सारे जाणतो. पुस्तकाला मात्र अजून कुणी आडनाव विचारत नाही. ते एका उशाखालून दुसऱ्या उशाखाली जाते. ज्यांची कधी भेट होणार नाही अशी माणसे एकाच पानावर थांबलेली असतात.

इथे आपले बांधव एक रास्त सवाल करतात. तिथे आमचे काय आहे? शेकडो मराठी कादंबऱ्या आहेत, पण उर्दूचे एक कपाट नाही. वर्तमानपत्रांच्या टेबलावर उर्दू अखबार नाही. ही तक्रार खोटी नाही. ज्या गावात उर्दू शाळा आहे, तिथल्या सार्वजनिक वाचनालयात उर्दूची पन्नास पुस्तकेही नसावीत, ही त्या गावाच्या सार्वजनिकतेतली उणीव आहे. उर्दू ही या मातीला परकी भाषा नाही. वली आणि सिराज हे तिचे आरंभीचे मोठे शायर औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. त्यांचे दीवान आपल्या वाचनालयात असले, तर उर्दू न वाचता येणाऱ्या मराठी वाचकालाही त्या कपाटाकडे पाहून कळेल की या घरात आणखी कुणी राहते.

पण ‘आमचे’ या शब्दाची व्याप्तीही आपणच तपासली पाहिजे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठीत आहे. तो आमचा नव्हे काय? बार्शीचे शाहीर अमर शेख आमचे नव्हेत? संतसाहित्याचा अभ्यास करत १९९० च्या पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले डॉ. यू. म. पठाण आमचे नव्हेत? हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची. त्यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे पटत नाही. पण कोकणातल्या मुस्लिम गावाचे जगणे मराठी कादंबरीत आणणारा तो माणूस कपाटातून काढून टाकावा, असे आपण म्हणू का?

या लेखातला अवघड प्रश्न इथे येतो. अमानतीचा नियम असा की ठेवलेली वस्तू आपल्याला आवडते की नाही, यावर तिची राखण अवलंबून नसते. ज्याला वाचनालय ही अमानत वाटते, त्याने न पटणाऱ्या पुस्तकाचीही राखण केली पाहिजे. सीरतच्या ग्रंथांत येते की बद्रच्या लढाईनंतर (इ. स. ६२४) जे कैदी खंडणी भरू शकत नव्हते पण लिहू-वाचू शकत होते, त्यांना मदीनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवण्याच्या बदल्यात सोडण्यात आले. ते कैदी कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. अक्षर त्यांच्याकडूनही घ्यायला हरकत मानली गेली नाही. आपण आपल्या बाजूने हा नियम पाळला, तर तोच नियम बहुसंख्य समाजाकडून मागण्याचा आपला अधिकार भक्कम होतो. तुम्हाला न आवडणारे पुस्तक आम्ही जपतो, तुम्हाला न वाचता येणारी लिपी तुम्ही जपा. एवढ्या करारावर वाचनालय उभे राहू शकते. आम्हाला वाटते, गावही उभे राहू शकते.

कुणी म्हणेल, आता मोबाइलच्या जमान्यात हे सारे कशाला? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, वाचनालये बंद झाली. राज्यात ती पुन्हा उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरला. त्या काळात शाळा मोबाइलवर भरत होती. घरात फोन एक, तो अब्बांचा. अब्बा कामावर गेले की शाळाही त्यांच्याबरोबर कामावर जाई. मोबाइल उपयोगाचा आहे, आम्हीही तो वापरतो. पण त्यात जे काल पाहिले त्याच्यासारखेच आज पुढे येते. कपाटापुढे उभे राहिले की हव्या त्या पुस्तकाच्या शेजारचे नको असलेले पुस्तकही हाताला लागते, आणि कित्येकदा आयुष्यभर पुरते ते तेच. शिवाय फोन आपला एकट्याचा असतो. पुस्तक परत करायचे असते. कोपरा न दुमडता, शाई न सांडता, ज्याला आपण ओळखतही नाही अशा पुढच्या माणसासाठी एखादी चीज शाबूत ठेवणे, ही शिकवण देणाऱ्या जागा आता थोड्याच उरल्या आहेत. अमानतीचा धडा आम्ही वर्गात तोंडी देतो, वाचनालय तो हाताला देते.

आणखी एक मत असे की आपण आपल्या मोहल्ल्यात आपली स्वतंत्र लायब्ररी काढावी. जरूर काढावी. जिथे अशा उर्दू लायब्रऱ्या चालतात, तिथे त्यांनी पिढ्या घडवल्या आहेत. पण त्यासाठी पाटण्याच्या खुदाबख्श यांचे उदाहरण डोळ्यांपुढे असावे. वडिलांनी जमवलेली १४०० हस्तलिखिते त्यांच्या हाती आली आणि ती लोकांसाठी खुली व्हावीत, ही वडिलांची इच्छाही. वकिली करून त्यांनी तो साठा वाढवत नेला आणि १८९१ मध्ये सुमारे ४००० हस्तलिखितांसह ते ग्रंथालय सर्वांसाठी खुले केले. ‘सर्वांसाठी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९६९ मध्ये संसदेने कायदा करून त्या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. वक्फची जी मूळ कल्पना, की एकदा दिले ते परत घ्यायचे नाही, विकायचे नाही, वारसांत वाटायचे नाही, ती त्यांनी ग्रंथांना लावली. मोहल्ल्यातल्या लायब्ररीचे दार गावाकडे उघडावे आणि गावच्या वाचनालयाचे दार मोहल्ल्याकडे. एक असले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

मग उपकार, हक्क की अमानत? आम्हाला वाटते, उपकार म्हटले की माणूस मिंधा होतो आणि एक दिवस जाणे सोडतो. नुसता हक्क म्हटले की तो भांडतो, पण भांडण जिंकल्यावर कपाटाची धूळ कोण झाडणार, हे ठरत नाही. अमानत म्हटले की दोन्ही येते. जे आपल्यासाठी ठेवले आहे ते मागून घेण्याचा अधिकार, आणि जे आपल्यानंतरच्यांचे आहे ते राखण्याचे ओझे. तुटपुंज्या पगारावर दररोज कुलूप उघडणारा ग्रंथपाल हे ओझे आज एकटा वाहतो आहे.

अनुदानावर चालणारी आपली बहुतेक वाचनालये नोंदणीकृत संस्था आहेत. तिथे कार्यकारी मंडळ असते, ते सभासद निवडतात. कोणती पुस्तके घ्यायची, कोणते वर्तमानपत्र लावायचे, अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, हे मंडळ ठरवते. उर्दूचे कपाट मागणाऱ्या आपल्या बांधवांपैकी किती जण सभासद आहेत, आणि सभासदांपैकी किती जण वार्षिक सभेला जातात? शिक्षकांनी वर्षातून एकदा वर्ग तिथे न्यावा. लग्नाकार्यात हजारोंचा खर्च करणाऱ्यांनी मुलीच्या नावाने दहा चांगली नवी पुस्तके द्यावीत, घरातली रद्दी नव्हे. आयांनी सभासद व्हावे, कारण आईच्या हाती पुस्तक दिसले की मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

वार्षिक सभेची नोटीस वाचनालयाच्या दाराजवळच्या फळ्यावर लागते. तिच्यावर तारीख, वेळ आणि विषय लिहिलेले असतात. शेवटचा विषय बहुतेक ठिकाणी एकच असतो : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. आपला विषय तिथे मांडता येतो. त्यासाठी फक्त सभेला हजर असावे लागते.